दादांचे पोट आधी बोलले होते

गेल्या महिन्यात एका दुपारी आमच्या जुन्या चाळीतल्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. जयभीम झाला, पाणी झाले, पण वहिनी काही टेकल्या नाहीत. पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही शाळेत शिकवायचात. एवढं वाचून सांगा. पोरानं पैसे भरलेत.”

त्यांच्या यजमानांना तीन वर्षांपासून कंपवात आहे. डॉक्टर लोक त्यालाच पार्किन्सन्स म्हणतात. मोबाईलवर कुणीतरी निरोप पाठवला होता. कंपवात हा मेंदूचा रोगच नाही, पोटातल्या जंतूंचा आहे. आमची पावडर चाळीस दिवस घ्या, पोट शुद्ध करा आणि डॉक्टरांच्या गोळ्या कायमच्या बंद करा. पोराने पावडर मागवली होती आणि आदल्या रात्रीपासून गोळी बंद केली होती.

मी म्हटले, “वहिनी, आधी घरी जा आणि त्यांची गोळी चालू करा. ही गोळी अशी एकदम तोडत नाहीत. माणूस लाकडासारखा ताठतो, तापानं फणफणतो, जिवावरसुद्धा बेततं. आजच डॉक्टरांना गाठा. बाकीचं मग बोलू.”

त्या गेल्या, पण मला काही चैन पडेना. कारण त्या निरोपातले अर्धे खरे होते. पोटाचा आणि कंपवाताचा संबंध आहे, हे आज जगातले मोठमोठे संशोधक सांगत आहेत. आणि आमच्या घरात तो मी डोळ्यांनी पाहिला होता. पाहिला होता, पण ओळखला नव्हता.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दादांना त्यानंतर गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. दोन-चार वर्षे मिळेल ते काम केले. मग एका गोदामावर रात्रीचे वॉचमन म्हणून लागले. दारू, तंबाखू, विडी कशालाही शिवले नाहीत. पगाराचे पाकीट जसेच्या तसे आईच्या हातात देणारा माणूस.

साधारण १९९० पासून त्यांना एकच तक्रार होती. पोट साफ होत नाही. आमच्या मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि टोकाला चार संडास. पहाटे डबा घेऊन रांग लावायची. आत जरा वेळ लागला की बाहेरून दार ठोठावत. दादा दोन-दोन, तीन-तीन दिवस तसेच परत यायचे. आई इसबगोल द्यायची, एरंडेल द्यायची, रात्री गरम पाणी द्यायची. आम्ही भावंडे हसायचो. “दादांचा आज पण संप!” असे माझा धाकटा भाऊ म्हणायचा आणि दादाही हसायचे. पोटाची गोष्ट डॉक्टरपुढे काय काढायची? वय झाले, जागरण होते, एवढ्यावर सारे मिटायचे.

दुसरी गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. लालबागला राहणाऱ्याला सांगायला नको, एप्रिल-मे महिन्यांत मसाल्याच्या गल्लीत काय होते. साऱ्या मुंबईतल्या बायका वर्षाचा मसाला कुटून घ्यायला तिथे येतात. मिरची, धणे, दगडफूल, खसखस भाजल्याचा वास पार आमच्या गॅलरीपर्यंत यायचा. १९९६ चा उन्हाळा असेल. आईबरोबर डबा घेऊन दादा गेले होते. परतताना आई म्हणाली, “यंदा मसाल्याचा वास कसा खमंग सुटलाय!” दादा म्हणाले, “मला कुठं येतोय? ठसका तेवढा लागतो.” आईने ते कानाआड केले. त्याच पावसाळ्यात एकदा चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, सुका जवळा करपून घरभर धूर झाला. दादा शेजारी पेपर वाचत बसलेले, त्यांना पत्ता नाही. आई त्यांच्यावर केवढी चिडली!

हात थरथरायला लागला तो पुढे २००२-०३ च्या सुमारास. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट, जणू विडी वळताहेत. मग चालताना तो हात हलेनासा झाला. चेहऱ्यावरचे हसू गेले. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढे झाले. एका सकाळी गोदामाच्या मालकाच्या माणसाने त्यांना सांगितले, उद्यापासून येऊ नका, नशेत ड्युटी करणारा माणूस आम्हाला नको. दादा काही बोलले नाहीत. घरी येऊन डबा मोरीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता मी जे लिहिते आहे ते आईलाही कधी सांगितले नव्हते. चाळीत कुजबुज सुरू झाली होती. म्हातारपणी लागले वाटते, असे लोक म्हणत. मी तेव्हा माहेरी आले होते. त्या रात्री दादा झोपल्यावर मी हळूच वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास कसलाच नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नाही, त्याच्यावर त्याच्या मुलीनेही संशय घेतला. ती रात्र अजून माझ्या मनातून जात नाही.

कुणी म्हणाले बाहेरचे आहे, कुणी कोकणातल्या भगताचे नाव सुचवले. आईने त्यांना दारातूनच वाटेला लावले. २००४ साली परळच्या मोठ्या रुग्णालयात दाखवले. डॉक्टरांनी दादांना चालायला लावले, बोटे उघडमीट करायला लावली आणि आम्हाला कंपवात हे नाव सांगितले. मग विचारले, “बद्धकोष्ठ आहे का? किती वर्षं? वास येतो का?” आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. हात थरथरतो म्हणून आलो, तर हे पोट आणि नाक काय विचारतात?

पुढे मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले. ज्यांच्या नावाने हा रोग ओळखला जातो ते जेम्स पार्किन्सन लंडनच्या एका गरीब वस्तीतले डॉक्टर. त्यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. ११ एप्रिल म्हटले की आपल्याला जोतिबांची जयंती आठवते. त्याच दिवशी जगभर पार्किन्सन्स दिन पाळतात. हा माणूस टोपणनावाने पत्रके काढून गरिबांना मताचा हक्क मागायचा. त्यापायी १७९४ साली सरकारने बोलावून त्याची चौकशीही केली होती. १८१७ मध्ये त्यांनी कंपवातावर छोटेसे पुस्तक लिहिले. सहा रुग्णांवरून लिहिले, आणि त्यांतले काही तर रस्त्याने जाताना नजरेस पडलेले. त्या पुस्तकातही या रुग्णांची आतडी मंदावतात अशी नोंद आहे. म्हणजे पोटाची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवली होती.

मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. अंगाच्या हालचाली सुरळीत चालाव्यात म्हणून ते लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोवर त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात. त्या पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. १९९७ मध्ये कळले की हे प्रथिन अल्फा-सिन्युक्लिन नावाचे आहे. तशाच गुठळ्या रुग्णांच्या आतड्यांच्या मज्जातंतूंतही आढळतात. २००३ साली हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने म्हटले, हा रोग कदाचित मेंदूत सुरूच होत नसेल. नाकातून किंवा पोटातून तो आत शिरत असेल. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाची एक लांब मज्जातंतू जाते. ती म्हणजे आपल्या चाळीचा जिनाच. वरचा माणूस खाली येतो तसा खालचा वर जातो. रोग याच जिन्याने वर चढत असावा, असे त्यांचे म्हणणे.

याला आधार काय? पूर्वी पोटातल्या अल्सरसाठी ही मज्जातंतू कापण्याचे ऑपरेशन करत. डेन्मार्कमध्ये अशा हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांची ही तंतू मुळापाशीच कापली होती त्यांच्यात पुढे कंपवाताचे प्रमाण काहीसे कमी दिसले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आला. त्यावर शास्त्रज्ञांत वादही झाला. आणि जिना तोडला म्हणून रोग मुळीच झाला नाही असेही नव्हते.

आता जंतूंचे. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जंतू राहतात आणि त्यांतले बहुतेक आपले मित्र असतात. न पचलेला कोंडा, चोथा ते पचवतात, आपल्या उपयोगाचे पदार्थ तयार करतात. २०१६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. कंपवातासारखी लक्षणे यावीत असे उंदीर तयार केले होते. त्यांना पूर्ण जंतुविरहित ठेवले तेव्हा लक्षणे सौम्य राहिली. मग त्यांच्या पोटात माणसांच्या आतड्यांतले जंतू सोडले. निरोगी माणसांच्या जंतूंपेक्षा कंपवाताच्या रुग्णांच्या जंतूंनी उंदरांची अवस्था जास्त बिघडली. पोटातला जंतू मेंदूवर परिणाम करू शकतो, हे तेव्हा जगाला पटले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांत जंतू बदलल्यामुळे रोग होतो, की रोगाने आतडी मंदावल्यामुळे जंतू बदलतात, याचा निकाल अजून लागलेला नाही.

हे वाचून ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांच्या पोटात गोळा यायला नको. हवाई बेटांवर ६,७९० पुरुषांना शौचाला किती वेळा होते हे विचारून त्यांच्यावर २४ वर्षे लक्ष ठेवले होते. २००१ साली त्याचे निष्कर्ष आले. रोज शौचाला न होणाऱ्यांत कंपवाताचा धोका रोज एकदा होणाऱ्यांपेक्षा अडीच पटींहून अधिक निघाला. रोग जडला तो त्या विचारणेनंतर सरासरी १२ वर्षांनी. पण साऱ्या ६,७९० माणसांत मिळून कंपवात झालेले होते ९६. म्हणजे पोट साफ होत नाही अशी शेकडो माणसे असतात, त्यांतल्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. मात्र जुनी बद्धकोष्ठता, गेलेला वास, झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे आणि एका हाताची मंद हालचाल हे सारे एकाच माणसात दिसू लागले, तर मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवावे. दादांची रांगेतली ती वर्षे आठवली की मला वाटायचे, संडासाने त्यांचा घात केला. तसे म्हणायला पुरावा नाही. पोटाने रोग आणला असेल किंवा नसेल. पण निरोप त्याने आधी दिला होता एवढे खरे.

पोटाचा दुसरा धडा आम्हाला मिळाला २००९ मध्ये, आणि तो आईच्या जिव्हारी लागला.

दादांना लेव्होडोपाच्या गोळ्या चालू होत्या. मेंदूत पोहोचल्यावर या औषधाचे डोपामिन होते. सुरुवातीला मळमळ व्हायची, म्हणून डॉक्टर म्हणाले होते, थोडे काहीतरी खाऊन घ्या. आईने तो शब्द पाच वर्षे पाळला. तोही तिच्या पद्धतीने. एवढी कडक गोळी रिकाम्या पोटी कशी द्यायची? आधी घट्ट डाळ, उकडलेले अंडे, असेल तर मासळीचा तुकडा, आणि भरल्या पोटावर गोळी. स्वतःच्या ताटातले अंडे ती त्यांना वाढायची. तरीही जेवणानंतर दादा दोन-दोन तास कॉटवर खिळल्यासारखे बसून राहायचे. मोरीपर्यंतही जाता यायचे नाही. कपडे खराब व्हायचे. रोग वाढला, असे आम्ही समजत होतो.

तपासणीच्या वेळी नवीन आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारले, “गोळी नेमकी केव्हा देता?” आईने अभिमानाने सांगितले. बाई क्षणभर गप्प झाल्या. मग समजावून म्हणाल्या, “आजी, तुम्ही वाईट काही केलं नाही. पण ही गोळी आणि डाळ-अंडं एकाच नळावर पाणी भरतात.”

नळाची रांग आईला कुणी शिकवायला नको होती. डाळ, अंडी, मांस, मासळी, दूध यांतल्या प्रथिनांचे जे बारीक घटक होतात, ते लहान आतड्यातून ज्या वाटेने रक्तात जातात, त्याच वाटेने हे औषध जाते. मेंदूच्या दारातही तीच गर्दी. प्रथिने आधीच रांगेत दाटीने उभी असली की औषध मागे राहते. त्यात बद्धकोष्ठ असले, पोट सावकाश पुढे सरकत असले, तर गोळी जठरातच अडकून पडते.

आणि तिसरी गोष्ट २०१९ मध्ये कळली, तोवर दादा हयात नव्हते. आतड्यांतले काही जंतू हे औषधच खातात. अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी आणि नेदरलँड्समधल्या एका गटाने हे दाखवून दिले. असा जंतू आतड्यातच औषधाचे डोपामिन करून टाकतो, आणि तयार डोपामिनला मेंदूत शिरता येत नाही. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्याची कळशीच कुणी मधल्या मध्ये रिकामी करावी. एकच गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला कमी पडते, याचे हे एक कारण असू शकते. या जंतूला आवर घालणारे औषध शोधण्याचे काम चालू आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर आई जेवली नाही. “मीच त्यांना बांधून ठेवलं गं,” एवढेच म्हणाली. मी तिला म्हटले, माझ्याही हातून त्यांचा अपराध झाला आहे. कुठला ते मात्र सांगू शकले नाही.

डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पाण्याबरोबर सुरू झाली. दिवसा भाकरी, भाजी, भात, आणि डाळ-अंड्याचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात. डाळ-अंडे तोडले नाही, नाहीतर माणूस खंगतो, फक्त वेळ बदलली. पाणी वाढवले, पालेभाजी वाढवली, गॅलरीतून रोज फेऱ्या सुरू केल्या, शौचासाठी डॉक्टरांनी दिलेले औषध नेमाने घेतले. भावाने गजराचे घड्याळ आणले. दादा त्याला भोंगा म्हणायचे. सकाळची गोळी पहिली पाळी, दुपारची दुसरी, रात्रीची तिसरी. लालबागच्या गिरण्यांचे भोंगे कधीच गप्प झाले होते, आमच्या खोलीतला मात्र वाजत राहिला. दादा बरे झाले नाहीत. हा रोग बरा होत नाही. पण दुपारी उठून स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाऊ लागले. माणसाला आणखी काय हवे असते? २०१५ मध्ये ते गेले.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी वहिनींच्या घरी बसून सांगितले. पोरगाही होता. तो म्हणाला, “मावशी, मग पोट शुद्ध करायला काय हरकत आहे?” मी म्हटले, “बाळा, शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांचे जंतू रुग्णांच्या आतड्यांत सोडून पाहिले. २०२४ साली दोन ठिकाणचे निष्कर्ष आले. बेल्जियममध्ये थोडा फायदा दिसला, फिनलंडमध्ये दिसला नाही. त्यांनाही अजून ठामपणे सांगता येत नाही, तर हा पावडरवाला चाळीस दिवसांची हमी कशावर देतो?”

त्याने पावडरीचे वेष्टण दाखवले. त्यावर खाजकुइलीचे नाव होते. ही वनस्पती थोतांड नाही. १९३७ साली मद्रासच्या शास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून लेव्होडोपाच वेगळे काढले होते. १९९५ मध्ये तिच्या बियांच्या भुकटीची कंपवाताच्या ६० रुग्णांवर १२ आठवडे चाचणी झाली, तिचा फायदाही दिसला. पण म्हणूनच जपायला हवे. गोळीतले औषध आणि पावडरीतले औषध एकच असेल, तर किती पोटात गेले याचा हिशेब कोण ठेवणार? काही घ्यायचेच असेल तर वेष्टण डॉक्टरांपुढे ठेवावे आणि विचारावे. मुंबईत पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी २००१ पासून एक संस्था काम करते, पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी. रुग्ण आणि घरचे एकत्र येतात, व्यायाम होतो, बोलणे होते. आम्हाला ते उशिरा कळले.

हा आजार आपल्या मुंबईला नवा नाही. शहरातल्या पारशी वसाहतींत १४,०१० माणसे तपासली तेव्हा ४६ रुग्ण सापडले होते. १९८८ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्या चाळींत असे दारोदार जाऊन कुणी मोजले तर किती निघतील? आणि त्यांतल्या किती जणांना आपण बेवडा म्हणून मोकळे झालो असू?

निघताना वहिनींचे यजमान कॉटवरून काही बोलले. आवाज बारीक झालेला, ऐकू येईना. मी जवळ गेले. ते म्हणाले, “पोट पाच-पाच दिवस साफ होत नाही. घरात सांगायला लाज वाटते.”

वहिनी म्हणाल्या, “अहो, मग बोलायचं ना!”

मी पोराकडे पाहिले. त्याने वही काढली आणि गोळीच्या वेळांच्या खाली शौचाचा रकाना आखायला घेतला.